तात्यांची वही आणि निजामाचे विमान

(हिंगोली येथील एका वाचनालयात हैदराबाद मुक्तिसंग्राम दिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



आजच्या दिवशी मी मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांविषयी बोलावे, अशी संयोजकांची स्वाभाविक अपेक्षा होती. मी मात्र ज्यांचे नाव कोणत्याही स्तंभावर कोरलेले नाही, अशा एका माणसाविषयी बोलणार आहे. आमच्या कयाधूकाठच्या गावाने त्यांना मरेपर्यंत ‘निजामाच्या विमानातला’ म्हणून ओळखले. ते माझ्या आजोबांचे धाकटे बंधू. सारे त्यांना तात्या म्हणत.

तात्यांचा जन्म १९२१ सालचा. शिक्षणासाठी ते वऱ्हाडात मामांकडे राहत. १९४२ साल उजाडले, तेव्हा देशात एकीकडे ‘चले जाव’चा निनाद होता आणि दुसरीकडे सावरकरांनी हिंदू तरुणांना सैन्यात शिरण्याची हाक दिलेली होती. तात्यांनी वडील भावाला न विचारताच विमानदलात नाव घातले. आजोबा कट्टर स्टेट काँग्रेसवाले. पुढे ऑगस्ट १९४७मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते तुरुंगात गेले. इंग्रजांची चाकरी त्यांनी एक वेळ पोटात घातली असती. पण युद्ध संपवून तात्या घरी आले, तेव्हा त्यांच्यापाठोपाठ एक कुजबुजही गावात आली. तात्या म्हणे ‘हैदराबाद स्क्वॉड्रन’मध्ये होते!

ही कुजबूज निव्वळ बिनबुडाची असती तर विरूनही गेली असती. परंतु अशी स्क्वॉड्रन खरोखरच होती. पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खान याने ब्रिटिशांना विमानांसाठी पैसा दिला. त्यातून सज्ज झालेली ११० क्रमांकाची बॉम्बफेकी स्क्वॉड्रन सप्टेंबर १९१८मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेली आणि तिला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. तिच्या चिन्हातील वाघ निजामाच्या मानचिन्हातून घेतलेला आहे. ४ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, जर्मन युद्धनौकांवर जो पहिला हल्ला झाला, त्यात याच स्क्वॉड्रनची विमाने होती. निजामाने दिले, असे म्हणायचे. निजामाच्या खजिन्यात पैसा कोठून येत होता, हे आपल्या आजा-पणजांना विचारायला हवे होते. त्या काळी हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. तेथील ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या रयतेनेही तो सारा भरलेला.

१९४२ साली ही स्क्वॉड्रन हिंदुस्थानात आली आणि तिला ‘व्हेन्जन्स’ नावाची अमेरिकन विमाने मिळाली. तात्याही व्हेन्जन्समध्येच होते. तात्यांनी हौसेने विमानाचे नाव सांगितले असेल, आणि ऐकणाऱ्याने उरलेले जुळवले असेल.

त्यात १९४८ साल आले. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून निजामासाठी शस्त्रे आणत होता. त्याची विमाने होती ‘लँकॅस्ट्रियन’, म्हणजे प्रसिद्ध लँकॅस्टर बॉम्बरचीच मुलकी आवृत्ती. इकडे रझाकारांच्या भीतीने गावेच्या गावे रात्र जागून काढीत होती. अशा दिवसांत ‘विमान’ आणि ‘हैदराबाद’ हे दोन शब्द ज्याच्या नावाला चिकटले, त्याचे काय होणार? एके रात्री तात्या बैलगाडीने वाशीमकडे निघून गेले. १७ सप्टेंबरला गावात गुलाल उधळला गेला, तेव्हा ते तेथे नव्हते. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी कधी बोलले नाहीत. १९७८ साली आजोबा गेले, तेव्हा तात्या बाराव्याला आले आणि ओसरीच्या कडेला बसून पान न वाढताच परत गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. त्यांना पाणी नेऊन देण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून एवढे आठवते.

तात्या १९९१मध्ये वारले. त्यांची ट्रंक वाशीमच्या आत्याकडे होती. २०१९ साली घर आवरताना तिने एक जाड, कापडी बांधणीची वही माझ्या हाती दिली. ती उड्डाणांची नोंदवही होती. तारीख, विमानाचा क्रमांक, वैमानिक, कामगिरी, वेळ. मी पत्रकार असूनही आधी आकड्यांतच गुरफटलो. अशा वहीत खरी किल्ली असते ती महिनाअखेरच्या बेरजेखाली. तेथे स्क्वॉड्रनचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही असते. प्रत्येक महिन्याखाली एकच शिक्का होता: ८ स्क्वॉड्रन, इंडियन एअर फोर्स. ११० हा आकडा वहीत कोठेही नाही.

आठ क्रमांकाची स्क्वॉड्रन १ डिसेंबर १९४२ रोजी तिरुचिरापल्लीस उभी राहिली. ती आपल्या विमानदलाची. डिसेंबर १९४३पासून तिने चितगावच्या बाजूने आराकान आघाडीवर जपान्यांच्या ठाण्यांवर हल्ले चढवले. सात क्रमांकाची दुसरी भारतीय स्क्वॉड्रनही व्हेन्जन्सवरच लढली. विमानदलाचा १९३३ ते १९४५चा अधिकृत इतिहास १९६१ साली भारत सरकारने प्रसिद्ध केला. तो समोर ठेवून मी तात्यांची पाने वाचत गेलो आणि फेब्रुवारी १९४४ची पाने दाट का भरलेली आहेत, ते उलगडले. आराकानात जपानी सैन्याने मोठा प्रतिहल्ला केला, तो त्याच महिन्यात.

व्हेन्जन्समध्ये दोघेच बसत. पुढे वैमानिक. मागे वायरलेस आणि मशीनगन सांभाळणारा, शेपटीकडे तोंड केलेला, ते तात्या. हे विमान लक्ष्यावर जवळजवळ सरळ खाली सूर मारीत असे. जरा डोळ्यांपुढे आणा. विमान जमिनीकडे कोसळत असताना मागच्या माणसाला जमीन दिसतच नाही, दिसते ते फक्त आकाश. बॉम्ब टाकून विमान वर उसळले की मग मात्र मागे उठलेला धूर त्यालाच दिसतो. बॉम्ब कोठे पडले, हे सांगणे म्हणून त्याच्याकडे. तात्या सिनेमागृहात नेहमी दाराजवळ बसत, असे आत्या सांगते. त्याचा याच्याशी संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो.

युरोपच्या आघाडीवरही एक मराठी नाव आहे, शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. ते लँकॅस्टर बॉम्बरचे नेव्हिगेटर होते आणि त्यांना डी.एफ.सी. हे शौर्यपदक मिळाले. ज्या लँकॅस्टरमधून त्यांनी उड्डाणे केली, ते आज लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयात उभे आहे. त्या विमानाने १३७ मोहिमा पार पाडल्या. सुखटणकरांचे विमान जाऊन पाहता तरी येते. तात्यांची स्क्वॉड्रन १९४४मध्येच व्हेन्जन्स सोडून स्पिटफायरवर गेली, आणि मागच्या आसनावरच्या माणसांचे तेथील कामच संपले. स्पिटफायरमध्ये एकच आसन असते.

गेल्या वर्षी मी ती वही गावात नेली. नव्वदी ओलांडलेल्या एका आजोबांनी शिक्क्यावर बोट ठेवून तो दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, “अरे, मग तवाच का नाही दाखवली ही?” आत्या माझ्यासोबत होती. ती म्हणाली, “दाखवली होती काका. थोरल्या आप्पांनी हातात घेतली नाही.” आप्पा म्हणजे माझे आजोबा.

वहीची छायाप्रत मी आज या वाचनालयाला देत आहे. मूळ वही आत्याकडे वाशीमलाच राहील, तशी तिची इच्छा आहे. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर अशी वही असेल, तर आधी महिनाअखेरचे पान उघडा आणि शिक्का पाहा. इंग्रजी लागत नसेल तर मला बोलवा, मी येईन.