हवेचा मापाडी सांभाळा
(पिकअप गाडीच्या एअर फ्लो सेन्सरची सफाई आणि बदल)

आज पिकाविषयी नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीविषयी बोलायचं आहे. आपल्या शिराळा तालुक्यातला भाजीपाला पिकअपमध्ये भरून कराडला, कोल्हापूरला जातो. वाटेत चढाला गाडीनं दम टाकला की सौदा चुकतो आणि माल अंगावर पडतो. अशा वेळी कधी कधी दोष निघतो तो एका लहानशा भागात. गॅरेजवाले त्याला एअर फ्लो सेन्सर म्हणतात.

विहिरीवरच्या जुन्या ऑईल इंजिनाला हा भाग नसतो. तिथं तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर धूळ अडवतो, एवढंच. अलीकडच्या गाड्यांत, विशेषतः एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत, डिझेलचा हिशोब संगणक ठेवतो. त्यासाठी इंजिनात किती हवा गेली हे त्याला कळावं लागतं. ते माप हा सेन्सर देतो. बाजार समितीतला मापाडीच म्हणा ना!

एअर फिल्टरच्या डब्यापुढच्या नळीत तो बसवलेला असतो. त्याच्या आत विजेनं तापवलेली पातळ पट्टी किंवा तार असते. फुंकर घातली की चहा निवतो, तशी वाहत्या हवेनं ती निवते. तिला तापती ठेवायला किती वीज लागली, यावरून हवेचं माप कळतं. तिच्यावर धूळ किंवा तेलाचा थर बसला की माप चुकतं. मग गाडीची ओढ कमी होते, डिझेल जास्त लागतं, इंजिनाचा दिवा लागतो.

पण दिवा लागला म्हणून लगेच नवा सेन्सर आणू नका. फिल्टर तुंबला, रबरी नळी चिरली किंवा तिची क्लिप ढिली झाली, तरी हीच लक्षणं दिसतात. आधी ते पाहा. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही खोलू नका.

सफाई अशी करावी :

१. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. किल्ली काढा, बॅटरीची ऋण तार सोडवा.

२. सेन्सरच्या प्लगची कळ दाबून तो काढा. वायरी ओढू नका. स्क्रू काढून सेन्सर सरळ बाहेर घ्या.

३. या सेन्सरसाठीच मिळणारा स्प्रे थोड्या अंतरावरून दहा-पंधरा वेळा मारा. पेट्रोल, रॉकेल, कार्बोरेटरचा किंवा ब्रेकचा स्प्रे वापरू नका. काम उघड्यावर करा. जवळ विडी-काडी नको, कारण हा स्प्रे पेट घेतो.

४. पट्टीला बोट, चिंधी, ब्रश लावू नका. अर्धा-एक तास आपोआप वाळू द्या.

५. रबरी रिंग नीट आहे ना ते बघून, हवेच्या दिशेचा बाण पाहून सेन्सर परत बसवा. स्क्रू फार आवळू नका.

माझीच एक चूक सांगतो. वाळायला वेळ लागतो म्हणून मी एकदा कंप्रेसरची हवा मारली. पट्टी तुटली आणि चांगला सेन्सर टाकून द्यावा लागला. घाईपायी नवीन भागाचा खर्च अंगावर आला.

सफाई करूनही दिवा राहिला, तर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दोष तपासून घ्या. सेन्सरच गेला असेल, तर जुन्यावरचा नंबर जुळवून तोच घ्या आणि पक्कं बिल मागा. दिसायला सारखा, पण दुसऱ्या नंबरचा सेन्सर चुकीचं माप देतो. नवा बसवल्यावर संगणकातली जुनी नोंद स्कॅनरनं पुसून घ्यावी.

शेवटी मुख्य गोष्ट. सेन्सर खराब होतो त्याचं मूळ बहुधा फिल्टरमध्ये असतं. उसाच्या हंगामातला फुफाटा, भाताच्या मळणीचं भूस, हे सगळं फिल्टरवरच येतं. म्हणून पुस्तिकेतल्या मुदतीची वाट न पाहता या दिवसांत फिल्टर वरचेवर उघडून पाहा. कागदी फिल्टर पाण्यानं धुऊ नका, त्याला तेल लावू नका; फार मळला तर बदला. फिल्टर काढून गाडी तर कधीच चालवू नका. फिल्टर स्वस्त आहे, सेन्सर महाग आहे आणि इंजिन त्याहून महाग आहे.