हंगेरीची मिरची आणि आपली चटणी



वसंत व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे आपल्याकडे चटणीचेही दिवस. सभेला येताना आम्ही ज्या गल्लीतून आलो, तेथे दारोदार मिरच्या वाळत घातलेल्या होत्या आणि दोन शिंका दिल्यावाचून काही आम्हांला पुढे येता आले नाही. तेव्हा हंगेरीसारख्या दूरदेशाची ओळख करून द्यायची, तर ती या वाळत्या मिरचीपासूनच करून द्यावी, असे आम्ही वाटेतच ठरवले. हे वाटते तितके लांबचे नाते नाही.

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा, दुसऱ्या तीरावर पेस्ट; १८७३ साली ही गावे एक झाली. तेथे नदीजवळच १८९७ साली बांधून झालेली बाजाराची भव्य इमारत आहे. आम्ही आत शिरलो आणि थबकलो. दारावर तोरणे बांधावीत तशा लाल मिरच्यांच्या माळा दुकानादुकानांतून लोंबत होत्या. दुकानदारीणबाईंनी विचारले, "गोड हवी की तिखट?" आम्ही कोल्हापूर जिल्ह्याचे, ऐटीत म्हणालो, "तिखट!" बिऱ्हाडी येऊन चिमूटभर जिभेवर ठेवली. रंग असा की पाहत राहावे, वास तर फारच सुरेख, पण तिखटपणा? आमच्या मंडळी म्हणाल्या, "ही तर आपल्या तान्ह्या पोराच्या भातालाही चालेल!" आम्ही पुष्कळ हसलो. ते हसणे अज्ञानाचे होते, हे पुढे कळले.

हंगेरीचा प्रसिद्ध पदार्थ 'गुलाश'. तिकडे त्याचा उच्चार 'गुयाश' असा करतात आणि त्याचा मूळ अर्थ आहे गुराखी. मोकळ्या माळावर गुरे राखणारी माणसे कढई टांगून, कांदा आणि मांस शिजवून जे खात, त्यालाच त्यांचे नाव पडले. मांस बहुधा गोवंशाचे असते, म्हणून आम्ही त्याऐवजी नदीच्या माशांचे 'हालासले' मागवले. कांदा, मासे आणि मिरचीची पूड. वर लाल तवंग. डोळे मिटले तर आपल्या वेदगंगेकाठीच कोणी रस्सा वाढला आहे, असे वाटावे. गुयाशदेखील तिकडे आपल्या रश्श्यासारखाच पातळ असतो. परदेशच्या खाणावळींनी मात्र त्याचा दाट गोळा केला आणि नाव तेच ठेवले. आपलेही तेच झाले नाही काय? भाजीत दोन मिरच्या जास्त पडल्या की हॉटेलवाला तिला 'कोल्हापुरी' म्हणून मोकळा होतो!

आता या मिरचीचे कूळ पाहू. ती ना त्यांची, ना आपली. तिचे माहेर अमेरिका खंड. १४९२ साली कोलंबस तेथे पोचला आणि त्यानंतर ती जगभर निघाली. आपल्याकडे तिला पोर्तुगीजांनी आणले. १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेला होता. हंगेरीत ती तुर्कांच्या अमलात पोचली असे मानतात. बुडा शहर १५४१ पासून १६८६ पर्यंत तुर्कांकडे होते. तिकडचे लोक तिला आरंभी 'तुर्की मिरे' म्हणत. नावाची गंमत तर याहून मोठी आहे. आपण मिरीवरून 'मिरची' केली. त्यांचा 'पाप्रिका' हा शब्द दक्षिण स्लाव्ह भाषांतल्या 'पापर' म्हणजे मिरे या शब्दावरून आला. 'पापर' लॅटिन 'पिपेर'वरून, तो ग्रीकांकडून आणि ग्रीकांचा शब्द थेट आपल्या 'पिप्पली'वरून. म्हणजे आजीबाईच्या बटव्यातली पिंपळीच नाव बदलत बदलत डॅन्यूबच्या काठी गेली! फळ अमेरिकेचे, नाव हिंदुस्थानचे आणि अभिमान हंगेरीचा.

मग अभिमान कशाचा धरायचा? आमचे उत्तर असे, की जन्माचा नव्हे, संगोपनाचा. हंगेरियन शेतकऱ्यांची मिरचीही पूर्वी चांगली तिखट होती. तिखटपणा मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. एकोणिसाव्या शतकात सेगेद गावी शिरा आणि बिया काढून सौम्य पूड करण्याची रीत आली. पुढे विसाव्या शतकात त्यांनी मुळातच गोड असलेल्या जाती निवडून वाढवल्या. सेगेद आणि कालोचा ही गावे त्यावर नावारूपाला आली. रंग आणि वास राखून तिखटपणा बाजूला करणे, ही पिढ्यांची मेहनत आहे. आम्ही हसलो होतो ते हिला!

याच सेगेदला आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी, की एके रात्री पत्नीने जेवणात ताजी गोडी मिरची वाढली. त्यांना ती खाण्याची इच्छा नव्हती. तसे बोलून दाखवण्यापेक्षा ती प्रयोगशाळेत नेलेली बरी, असे त्यांना सुचले. मध्यरात्रीपर्यंत कळून चुकले की क जीवनसत्त्वाची खाणच हाती लागली आहे. जे द्रव्य पूर्वी मोठ्या कष्टाने ग्रॅमच्या हिशेबात मिळे, ते किलोच्या मापाने मिळू लागले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गावच्या मिरचीने गावच्या विद्यापीठाला एवढे दिले.

पण मोठे नाव झाले की त्यामागून चोरही येतात. १९९४ साली हंगेरीत काही लोभी माणसांनी लाल रंगासाठी मिरचीपुडीत शेंदूर मिसळला. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग, म्हणजेच विष. कित्येकांना त्याची बाधा झाली. २००४ साली पुडीत बुरशीचे विष सापडले आणि सरकारला काही काळ विक्रीच थांबवावी लागली. ही बुरशी उष्ण हवेची. त्यामुळे स्वदेशी म्हणून विकलेल्या मालात परदेशचा माल मिसळला जातो, हे गुपित उघडे पडले. ज्या राष्ट्राने मिरचीला आपली ओळख मानले, त्याला ही गोष्ट किती लागली असेल! पुढे सेगेद आणि कालोचा या नावांना युरोपच्या कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या टापूंबाहेरच्या मालाला ते नाव लावता येत नाही.

आता परत घरी येऊ. आपल्या शेजारी गडहिंग्लज-संकेश्वरच्या टापूतली जवारी मिरची आपल्या चटणीचा प्राण होती. संकरित वाण अधिक उतारा देतात, जवारीवर रोग पडतो, म्हणून तिचा पेरा घटत गेला; आणि बाजारात संकेश्वरी या नावाखाली काय येते, हे विकणाराच जाणे. कर्नाटकातल्या ब्याडगी मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ साली. मानांकन हा कागद आहे. तो हवाच, पण १९९४ आणि २००४ चा धडा असा, की कागदाच्या मागे माणसांचा प्रामाणिकपणा नसेल तर नाव टिकत नाही. बियाणे राखणारा शेतकरी, भेसळ न करणारा व्यापारी आणि चार पैसे अधिक मोजून खरा माल मागणारे गिऱ्हाईक, अशा तिघांच्या खांद्यांवर ते उभे असते. त्यांतले तिसरे तर या सभेत समोरच बसले आहेत!

प्रवासाने आम्हांला शिकवले ते इतकेच. दुसऱ्याची चव सौम्य दिसली म्हणून हसू नये. तिच्यामागे किती पिढ्यांचे हात राबले ते विचारावे. आणि आपली चव झणझणीत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. उद्या घरोघरी मिरच्या निवडायला बसाल, तेव्हा देठ खुडता खुडता एक प्रश्न अवश्य विचारा: ही मिरची कुठल्या शिवारातली? उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.