गुणोत्तरात न बसणाऱ्या माश्या

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आभार एवढ्यावरच आटोपतो, कारण आज बोलायचे आहे ते जेमतेम तीन मिलिमीटरच्या फळमाशीबद्दल, आणि तिच्यापाशी सांगण्यासारखे माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

टी. एच. मॉर्गन यांचा पांढऱ्या डोळ्यांचा नर आपण दरवर्षी शिकवतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१० साली तो सापडला. नातवंडांत पांढरे डोळे फक्त नरांत उतरले, म्हणून हे जनुक एक्स गुणसूत्रावर. फळ्यावर चौकट काढली की तास संपतो. मॉर्गन यांचे मूळ आकडे मात्र आपण क्वचितच दाखवतो. पहिल्या पिढीत सगळ्या माश्या लाल डोळ्यांच्या हव्या होत्या. निघाल्या १२३७ लाल आणि ३ पांढऱ्या डोळ्यांच्या. दुसऱ्या पिढीत निम्मे नर पांढऱ्या डोळ्यांचे हवे होते. ते ७८२ भरले आणि लाल डोळ्यांचे १०११. आपल्या विद्यार्थ्याने जर्नलमध्ये हे लिहिले असते, तर ‘पुन्हा मोजा’ असा शेरा बसला असता. मॉर्गन यांनी ते जसेच्या तसे छापले. पुढे अशाच अपवादी माश्यांचा पिच्छा पुरवून त्यांचे शिष्य कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये दाखवले, की गुणसूत्रांची जोडी कधीकधी विलग होतच नाही. जनुके गुणसूत्रांवर असतात याचा भक्कम पुरावा मिळाला तो या अपवादांतून.

आता पंखांकडे येऊ. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांनी १९७३ साली ‘विंगलेस’ या उत्परिवर्तनाची नोंद केली. ही माशी गुणोत्तराला मुळीच दाद देत नाही. एकाच बाटलीत काहींना एकही पंख नसतो, काहींना एक असतो, तर काहींचे दोन्ही शाबूत. शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी १९७६ मध्ये तिचे बारकाईने वर्णन केले. पंख नाही तिथे नुसती रिकामी जागा नसते; पाठीच्या भागाचीच उलटी प्रत तिथे उमटलेली असते. म्हणजे आपण कोण व्हायचे, याचा त्या पेशींना मिळणारा निरोपच चुकलेला असतो. १९८७ साली उलगडले, की उंदरांच्या स्तनाच्या गाठींत सापडलेले इंट-१ आणि माशीचे विंगलेस ही एकाच जनुकाची रूपे आहेत. दोन्ही नावे जोडून ‘डब्ल्यूएनटी’ हे नाव रूढ झाले. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत ही निरोपांची साखळी बिघडलेली असते.

डोळ्याची गोष्टही अशीच. ‘आयलेस’ जनुक बिघडले की माशीचे डोळे खुरटतात किंवा उगवतच नाहीत. माणसात त्याचेच भावंड असलेले पॅक्स-६ बिघडले, तर बुबुळाचा रंगीत पडदा तयार होत नाही. १९९५ मध्ये बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने हे जनुक माशीच्या भलत्याच अवयवांत चालू केले, तेव्हा पंखांवर, पायांवर, शृंगिकांवर लाल डोळे उगवले. उंदराचे जनुक घातले तरी उगवला तो माशीचाच संयुक्त डोळा. जनुक हुकूम देते, ‘डोळा घडव’. कोणत्या घडणीचा, हे ते शरीर ठरवते.

आपल्या प्रयोगशाळेतही असे काही घडत असते. ‘व्हेस्टिजिअल’ माशीचे पंख म्हणजे आखूड थोटके, असे पुस्तक सांगते. पण त्या माश्या ३१ अंश सेल्सिअसच्या आसपास वाढवल्या, तर पंख लांब होतात. मार्चच्या उकाड्यात एखादी मुलगी बाटली घेऊन येते, ‘सर, यांचे पंख वाढलेत,’ म्हणते, आणि आपण ‘स्टॉक भेसळ झाला, टाकून दे’ म्हणतो. जनुक आणि परिस्थिती यांच्या नात्याचा आयता धडा मोरीत जातो.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक महाविद्यालयाने साध्या, पांढऱ्या डोळ्यांच्या आणि व्हेस्टिजिअल माश्यांचे स्टॉक जिवंत ठेवावेत. मक्याचे पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर यांचा खर्च कोणालाही झेपेल. दुसरी, प्रात्यक्षिक परीक्षेत ३:१ गुणोत्तर आणल्याचे गुण बंद करून प्रत्यक्ष मोजणीचे आणि तिच्यातील तफावतीची छाननी करण्याचे गुण द्यावेत. फरक योगायोगाचा की आणखी कशाचा, हे तपासायला काय-स्क्वेअर कसोटी अभ्यासक्रमात आहेच; पण आकडे आधीच जुळवून आणले, तर तिला काम काय उरते?

अभ्यास मंडळाकडे तशी मागणी करणारा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात यावा, ही विनंती. कोणी पुढे आले नाही, तर खुर्चीवरून उठून मीच तो मांडेन.