तात्पुरतं म्हणजे किती दिवस?

(मेळाव्यात केलेलं भाषण)



नागरिकशास्त्र म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा विषय. 'कायदा विधिमंडळ करतं' हे वाक्य मीही घोकलं आणि इंजिनिअरिंगला गेल्यावर विसरले. ते पुन्हा आठवलं पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. डी. सी. वाधवा यांच्यामुळे.

घटनेच्या २१३व्या कलमानुसार अधिवेशन चालू नसताना, तातडीची गरज असेल तर राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो संपतो. बिहारमध्ये मात्र मुदत भरत आली की तोच अध्यादेश पुन्हा निघे. १९६७ ते १९८१ या काळातले २५६ अध्यादेश असे वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. त्यासाठी घटनादुरुस्ती झाली नाही, कलमातली सहा आठवड्यांची अटही हलली नाही. पण कायदा कोण करतं, याचं उत्तर बदललं होतं.

वाधवांनी याचा चिकाटीने अभ्यास केला, १९८३ साली पुस्तक लिहिलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही घटनेशी केलेली लबाडी ठरवली आणि बिहार सरकारला त्यांना दहा हजार रुपये खर्च द्यायला लावला.

तरीही १९८९ पासून तिथल्या ४२९ खासगी संस्कृत शाळा सरकारकडे घेणारे अध्यादेश असेच लागोपाठ निघाले. १९९२ मध्ये शेवटचा संपला. कायदा झालाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २०१७ मध्ये निकाल दिला, तेव्हा शिक्षकांना सरकारी नोकरीचा कायमचा हक्क मिळाला नाही. समोर आपले शिक्षक बसलेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

माझ्या कामात याला 'टेम्पररी फिक्स' म्हणतात. एका रात्री घाईत मी प्रोग्रॅममधली एक तपासणी बंद केली आणि 'उद्या चालू करते' अशी कॉमेंट लिहिली. दोन वर्षं ती तशीच राहिली. नवीन आलेल्या मुलांना वाटलं, सिस्टिम अशीच असते! माझ्या मनात लबाडी नव्हती, आळस होता. परिणाम मात्र तोच झाला: नियम कागदावर राहिला.

म्हणून 'तात्पुरतं' कानावर आलं की 'कधीपर्यंत?' असं विचारायची सवय लावूया. आपल्या माजी विद्यार्थी संघाची तात्पुरती कार्यकारिणीही बरीच वर्षं तात्पुरतीच आहे. सुरुवात तिथूनच करू!