एका सळईच्या दोन

१७ जुलै १९८१ च्या सायंकाळीं अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें एका हॉटेलांत नृत्यासाठीं जमलेल्या समुदायावर दोन टांगते पूल कोसळले. ११४ माणसें दगावलीं. मूळ नकाशांत दोन्ही पूल त्याच अखंड सळयांना लटकत. पुढें सोयीसाठीं एकेका सळईच्या दोन केल्या; खालचा पूल वरच्याच्या तुळईला टांगला गेला व तेथील जोडावरील भार दुप्पट झाला. बदललेला नकाशा अभियंत्यांच्या कचेरींतून मंजूर होऊन परतला. गणित मात्र कोणीं मांडलेंच नाहीं.

आज वास्तुविशारद, अभियंता व कंत्राटदार संगणकावरील एकाच प्रतिकृतींत काम करूं शकतात. कोणीं काय, केव्हां बदललें, हें सर्वांस दिसतें. परंतु दिसणें निराळें आणि तपासणें निराळें! तो नकाशाहि कचेरीनें पाहिला होताच. तेथील जबाबदार अभियंत्यांच्या सनदा पुढें मिसूरी राज्यानें रद्द केल्या.