गाणं घरचं, खर्च बेताचा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर आजचा विषय छापून आला तेव्हापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो, ‘‘ताई, ते सगळं राहू द्या, घरी गाणं भरायला सॉफ्टवेअर कुठलं घेऊ तेवढं सांगा.’’ विचारणाऱ्यांत भजनी मंडळातली मंडळी आहेत, सुगम संगीताच्या क्लासला जाणारी मुलं आहेत, निवृत्त झाल्यावर पेटीवरची धूळ झटकलेले गृहस्थही आहेत. नाव मी सांगणार आहे, टाळणार नाही. पण आधी ‘स्वस्त’ कशाला म्हणायचं ते ठरवू. या खटाटोपात सॉफ्टवेअरची छापील किंमत ही सर्वांत किरकोळ रक्कम असते. खरा खर्च तीन ठिकाणी होतो. एक, ते शिकण्यात जाणारा वेळ. दोन, ते चालवायला लागणारा संगणक. आणि तीन, उद्या ते सोडायची वेळ आली तर आपली गाणी त्यातून बाहेर काढताना होणारी दमछाक. या तिन्ही हिशेबांत जे परवडतं, ते स्वस्त.

थोडं मागे जाऊ. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान ग्रामोफोन कंपनीसाठी गायल्या. ध्वनिमुद्रण करायला फ्रेड गायसबर्ग आले होते. समोर भोंगा, हाताशी जेमतेम तीन मिनिटं. चुकलं तर ती तबकडी बाद, पुन्हा पहिल्यापासून. कापणं-जोडणं हा प्रकारच नव्हता. पुढे टेप आली, एकावर एक आवाज चढवता येऊ लागले, पण ते सगळं स्टुडिओच्या भिंतींआड. १९७९ मध्ये टॅस्कम कंपनीनं ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचं यंत्र काढलं आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घरबसल्या भरता येऊ लागले. अमेरिकेतला गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यानं जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या आपल्या घरात त्याच यंत्रावर काही गाणी भरून ठेवली. हेतू एवढाच, की साथीदारांना चाली ऐकवाव्यात. मग स्टुडिओत सगळा वाद्यवृंद घेऊन तीच गाणी पुन्हा केली, पण त्या कॅसेटमधला जीव काही येईना. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावानं बाजारात आली. चार ट्रॅक, एक कॅसेट. आज फुकट मिळणारं कुठलंही बऱ्यापैकी सॉफ्टवेअर याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून ‘यात ट्रॅक किती मिळतात’ हा प्रश्न नवख्यानं वहीतून खोडून टाकावा.

त्याऐवजी विचारावं, मला भरायचंय काय? याची ढोबळ तीन उत्तरं असतात.

पहिलं उत्तर : माझा एकट्याचा आवाज, मागे तानपुरा, बस. रियाज ऐकून बघायचा आहे, एखादं स्तोत्र किंवा अभंग नातेवाइकांना पाठवायचा आहे. यांच्यासाठी ‘ऑडॅसिटी’ पुरे. २००० सालापासून ते मोफत मिळतंय. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि जुन्या लॅपटॉपलाही पेलतं. त्याचा मूळ पिंड कापण्या-जोडण्याचा. खोकला काढायचा, दोन टेकमधला चांगला अंतरा उचलायचा, सुरुवातीची शांतता छाटायची, ही कामं त्यात सरळ होतात.

दुसरं उत्तर : आज आवाज भरीन, रविवारी तबलजी येतील तेव्हा तबला, मग बासरी. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, म्हणजे नंतर तबला थोडा खाली आणि आवाज थोडा वर घेता येईल. इथे खऱ्या अर्थानं मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर लागतं.

तिसरं उत्तर : मला कुणी साथीला नाही, वाद्यं संगणकातूनच काढायची आहेत. ढोलकीचे तुकडे, व्हायोलिनचा ताफा, बेस, सगळं की-बोर्डवर. ॲपलचा मॅक किंवा आयफोन घरात असेल तर ‘गॅरेजबँड’ त्यात फुकट मिळतं; २००४ पासून नवख्यांना हात धरून शिकवण्यात त्याचा हातखंडा आहे. फक्त मोबाइलच असेल किंवा संगणक अगदी साधा असेल, तर ‘बँडलॅब’ फोनवर आणि ब्राउझरमध्ये चालतं. ‘एफएल स्टुडिओ’ आपल्याकडच्या बीट बनवणाऱ्या मुलांत लोकप्रिय आहे. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात, हा त्याचा मोठा गुण. मात्र चाचणीच्या प्रतीत साठवलेलं गाणं विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही, हे ठाऊक असू द्या. नाहीतर रात्रभर काम करून सकाळी कपाळाला हात लागेल. शिवाय त्याच्या निरनिराळ्या किमतींच्या आवृत्त्या आहेत. माइकवरून आवाज भरण्याची सोय आपण घेतोय त्या आवृत्तीत आहे ना, ते आधी वाचून घ्यावं.

दुसऱ्या उत्तराची मंडळी आपल्याकडे सर्वांत जास्त, म्हणून तिथे जरा थांबते. त्यांच्यासाठी माझ्या डोळ्यांसमोर ‘रीपर’ आहे. ‘विनॅम्प’ आठवतंय ना? एमपीथ्रीच्या जमान्यात घरोघरी होतं ते. ते बनवणारा जस्टिन फ्रँकेल हाच रीपरचा कर्ता. साठ दिवस ते पूर्णपणे, काहीही हातचं न राखता वापरून बघता येतं. त्यानंतर वैयक्तिक वापरासाठी किंवा ज्यांची वर्षाची व्यावसायिक उलाढाल २० हजार डॉलरच्या आत आहे त्यांच्यासाठी परवाना ६० डॉलर, म्हणजे आपले पाच हजार रुपये आणि वर काही. मोठ्या व्यवसायाला तोच २२५ डॉलरला. सॉफ्टवेअर दोघांना सारखंच मिळतं, कुठलीही खोली कुलूपबंद ठेवलेली नाही. आकारानं ते इतकं आटोपशीर आहे, की जुना संगणकही कुरकुर करत नाही. उणं काय? दिसायला रुक्ष, आणि आत तयार वाद्यं फारशी नाहीत. पहिला आठवडा डोकं भणभणतं. पण ज्याच्याकडे वाजवणारी माणसं आहेत त्याला तयार वाद्यांची गरजच काय?

पेटी घेताना आपण नुसती पॉलिश बघत नाही. भाता चालवतो, एकेक सूर दाबून बघतो. इथेही तेच करा. ‘फुकट चाचणी’ म्हणजे नुसतं उघडून मेनू बघणं नव्हे. एक गाणं त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरं करा. अडेल कुठे ते तेव्हाच कळतं.

आणि आपल्या संगीताची अडण्याची ठिकाणं वेगळी आहेत. बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच चार मात्रांची चौकट आणि १२० ची लय समोर ठेवतं. ती बदलता येते. रूपकाला सात, झपतालाला दहा, दादऱ्याला सहा अशी चौकट पाच मिनिटांत आखता येते. खरी पंचाईत लयीची आहे. आपलं भजन शेवटाकडे चढतं, ते चढावंच. सॉफ्टवेअरच्या क्लिकच्या एकसारख्या ठोक्यावर बांधून गायलं तर गजर गार पडतो. म्हणून गायक, पेटी आणि तबला यांनी आधी क्लिकशिवाय एकत्र वाजवून एक कच्चा ट्रॅक भरावा आणि पुढचं सगळं त्यावर चढवावं. वेळेची पट्टी मात्रांऐवजी मिनिट-सेकंदांवर ठेवली की चौकटीचा जाच संपला. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सहज जमतं का, ते चाचणीतच बघून घ्या.

दुसरं ठिकाण सुराचं. संगणकातली वाद्यं ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापाला मिळवलेली असतात. घरातली पेटी जुनी असेल तर तिची काळी एक त्या मापापेक्षा किंचित चढी किंवा उतरी असते. वर संगणकातली व्हायोलिन्स चढवली की दोघांची खणखण सुरू. पेटीच्या रीड घासत बसू नका. संगणकातलं वाद्य काही सेंट, म्हणजे सुराचे बारीक अंश, वर-खाली करण्याची सोय असते, ती वापरा. पेटी मालकीण, बाकीच्यांनी तिला मिळवून घ्यायचं.

तिसरं ठिकाण सूर दुरुस्त करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचं, म्हणजे प्लगिनचं. ‘ऑटो-ट्यून’ १९९७ मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलसाठे शोधण्यासाठी भूगर्भातल्या कंपनांचं गणित करत असत. साधन अफाट आहे, पण त्याला बारा सुरांचे खण ठाऊक. मींडेनं जाणारा सूर ते जवळच्या खणात खेचतं आणि मींडेची पायऱ्यापायऱ्यांची शिडी होते. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार त्याच्या तावडीत सापडला, की आंदोलन सपाट. तेव्हा ‘यात सूर दुरुस्तीची सोय आहे’ या जाहिरातीवर नवख्यानं सॉफ्टवेअर निवडू नये. पुन्हा गावं, ते फुकट आहे.

आता जी गोष्ट सर्वांना छळते ती बघू. हेडफोन लावून गाताना स्वतःचा आवाज मागून येतो. या उशिराला लॅटन्सी म्हणतात. संगणक आवाज थेंबाथेंबानं घेत नाही, घागर भरली की ओततो. त्या घागरीचं नाव बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबानं १,०२४ नमुन्यांचा बफर भरायला २३ मिलिसेकंद लागतात. आत येताना तेवढे, बाहेर जाताना तेवढे, असे ४६. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे तुमचा आवाज तुम्ही पंधरा-सोळा मीटरवर उभं राहून ऐकताय! द्रुत त्रितालात मिनिटाला २४० मात्रा आणि मात्रेत चार बोल धरले, तर दोन बोलांमधलं अंतरच सुमारे ६२ मिलिसेकंद. तबलजीनं वाजवायचं कसं? उपाय सोपा आहे. भरताना बफर १२८ वर आणा, तो तीन मिलिसेकंदांच्या आत भरतो. मिक्सिंगच्या वेळी पुन्हा १,०२४ करा. विंडोजवर ‘एसिओ’ हा उशीर कमी करणारा ड्रायव्हर निवडा. माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीवर, म्हणजे इंटरफेसवर, ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर आवाज संगणकात न शिरताच कानात येतो.

एक तपासणी घरी जरूर करा. एका ट्रॅकवर क्लिक लावा, हेडफोनचा एक कान माइकवर दाबून धरा आणि ती क्लिक दुसऱ्या ट्रॅकवर भरून घ्या. मग दोन्ही ट्रॅक मोठे करून एकाखाली एक बघा. दोन्ही टोकं एका रेषेत असतील तर सॉफ्टवेअर उशिराची भरपाई नीट करतंय. खालचं टोक उजवीकडे सरकलेलं दिसलं तर सेटिंगमध्ये तेवढा फरक भरा. तबलजीला बोल लावण्याआधी ही पाच मिनिटं द्या.

तिसरा खर्च म्हणाले होते तो सोडण्याचा. ‘केकवॉक’ हे संगीताच्या सॉफ्टवेअरमधलं १९८७ पासूनचं जुनं, मान्यवर नाव. २०१३ मध्ये ते गिब्सन या गिटार कंपनीकडे गेलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनं त्याचं काम थांबवलं. वर्षानुवर्षं पैसे मोजलेले लोक उघड्यावर पडले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबनं ते विकत घेतलं आणि विंडोजसाठी चक्क मोफत करून टाकलं. लोक खूश. २०२३ मध्ये त्याच कंपनीनं त्याच्या जागी नवं ‘सोनार’ येणार असल्याची घोषणा केली आणि मोफत प्रतीचे दिवस भरले. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअरची मालकी बदलते, धोरणं बदलतात. विकतचं अमर नसतं, तसं फुकटचंही नसतं.

म्हणून एक शिस्त लावून घ्या. गाणं पुरं झालं की प्रत्येक ट्रॅक अगदी शून्यापासून सुरू होणारा, स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढून ठेवा. यांना सर्रास स्टेम्स म्हटलं जातं. सोबत साध्या मजकुराच्या फाइलीत पट्टी, ताल, लय आणि तारीख लिहा. २४ बिटची एका आवाजाची फाइल मिनिटाला आठ एमबीच्या आसपास जाते. पाच मिनिटांच्या गाण्याचे सहा ट्रॅक धरले तरी अडीचशे एमबीत मावतात. जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर त्या उघडतं. ज्यात हे काम दोन-तीन क्लिकमध्ये होत नाही ते फुकट असलं तरी घेऊ नका.

क्रॅक केलेल्या प्रतींबद्दल एवढंच, की त्यांच्यासोबत व्हायरस येतात, त्या अपडेट होत नाहीत आणि नेमक्या कामाच्या दिवशी बसतात. इतकं चांगलं कायदेशीररीत्या फुकट मिळत असताना चोरी करण्याचं निमित्तही उरत नाही.

वाचलेले पैसे लावा इंटरफेस, माइक आणि कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर. छोटा इंटरफेस पाचेक हजारांपासून मिळतो. त्यासोबत ‘एबलटन लाइव्ह लाइट’सारखी छोटी आवृत्ती अनेकदा मोफत येते, ती खोक्यावर बघून घ्या. कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण हवंच. खोलीत गाद्या, गोधड्या, उघडं कपड्यांचं कपाट गाणाऱ्याच्या पाठीशी असू द्या. पंखा बंद, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला नको, नाहीतर सुराआधी भात्याचा श्वास ऐकू येतो.

पालक विचारतात, मुलाला याच क्षेत्रात जायचंय, मग ‘प्रो टूल्स’च शिकवावं का? मोठ्या स्टुडिओंत ते आहे, आणि ‘प्रो टूल्स इंट्रो’ ही आठ ऑडिओ ट्रॅकची आवृत्ती मोफतही आहे. तोंडओळख जरूर करून द्या. पण बफर, पातळी, माइकची जागा, कुठे कापायचं आणि कुठे हात आवरायचा, हे एकात कळलं की दुसऱ्यात बटणं शोधण्यापुरताच वेळ जातो.

आता शब्द दिला होता ते नाव. एकट्या आवाजाला ऑडॅसिटी. साथसंगत असेल तर रीपर. ॲपलचं यंत्र घरात असेल तर आधी गॅरेजबँड. यातलं एक आज रात्री उतरवून घ्या आणि पुढचे दोन महिने दुसऱ्याचं नाव काढू नका. त्या दोन महिन्यांत तीन गाणी पुरी करा. पुरी म्हणजे भरलेली, मिसळलेली, स्टेम्स काढून ठेवलेली आणि घराबाहेरच्या एका तरी माणसाला ऐकवलेली. तिसरं गाणं झाल्यावरही सॉफ्टवेअर बदलावंसं वाटलं, तर खुशाल बदला; तोवर नक्की काय कमी पडतंय हे तुम्हालाच सांगता येईल, ताईला विचारावं लागणार नाही.