तर्क आधी की देव आधी?



आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने आम्ही बोलत नाही.

एका सभेत एका माळकरी सभासदाने आम्हांला विचारले, "अण्णा, तुम्ही देव मानीत नाही, मग तुमचा युक्तिवाद खरा कशाच्या आधारावर धरायचा?" प्रश्न मनात घर करून राहिला.

उत्तराची वाट जवळच्या वाईने दाखविली. तेथील प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींना १९२३ साली कलकत्त्यास 'तर्कतीर्थ' ही पदवी मिळाली. तीर्थ, तेही तर्काचे! त्या कुतूहलाने आम्ही न्यायशास्त्र चाळू लागलो. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे. स्वयंपाकघरात दिसतो तसा. एवढ्या साध्या गोष्टीपासून ते शास्त्र सुरू होते.

सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिलभट्टांनी वेद प्रमाण मानूनही जगाचा कर्ता नाकारला. कर्त्याला देह लागतो. मग त्याचा देह कोणी घडविला, असे त्यांनी विचारले. पुढे उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर सिद्ध करावयास घेतला : मडक्याला कुंभार, तसा जगाला कर्ता. पक्ष उलटे, पण तराजू एकच! तर्क देवावर उभा आणि देव तर्काने सिद्ध, असे म्हटले तर तो अन्योन्याश्रय दोष होईल, हे नैयायिकच आपणांस शिकवितात.

कोणी म्हणेल, तर्क हे ईश्वराच्या बुद्धीचेच स्वरूप आहे. खुशाल माना. परंतु "ईश्वर आहे" या वाक्याला अर्थ येण्यासाठी 'आहे' आणि 'नाही' यांतला भेद आधी मानावाच लागतो. यावरून देव नाही असे ठरत नाही, हेही आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. तर्काला त्याच्या जामीनकीची गरज नाही, एवढेच ठरते.

पुढे तोच सभासद बोनसच्या बोलणीत आमच्या शेजारी बसला होता. मालकाने आम्हांला तोटा सांगितला. भागीदारांना दिलेल्या त्याच वर्षाच्या ताळेबंदात मात्र नफा होता. माळकऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "साहेब, यांतला एक खोटा आहे." त्या वेळी त्याने देवाची साक्ष काढली नाही, आम्हीही नास्तिकपणाची काढली नाही.

लोणंदला माउलींची पालखी मुक्कामाला येते. तिच्यापुढे जो हात जोडतो आणि जो जोडीत नाही, त्या दोघांनी एका टेबलाशी बसून हिशेब मागावा, एवढीच जागा तर्क देतो. ती जागा कोणाच्याही श्रद्धेच्या नावावर चढवू देऊ नका, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.